२५ अंशांवरही केंद्रक चमकतंय? आधी फ्लास्कमधलं तापमान बघा

लक्षण आधी सांगते, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते पटकन कळेल.

तुमच्याकडे एक्सपीओ१-१ हा बेकरी यीस्टचा तापमान-संवेदनशील स्ट्रेन (वाण) आहे. त्यात निर्यात, म्हणजे प्रथिनांचं केंद्रकातून बाहेर जाणं, तपासणारा जीएफपी रिपोर्टर घातलाय. जीएफपी म्हणजे हिरवं चमकणारं प्रथिन. २५ अंशांना हिरवा उजेड पेशीभर पसरलेला दिसायला हवा आणि ३७ ला नेल्यावर काही मिनिटांतच तो केंद्रकात गोळा व्हायला हवा. डिसेंबर-जानेवारीत प्रयोग अगदी पुस्तकात दाखवतात तसा आला. आता मे उजाडलाय आणि २५ च्या स्लाइडवरच निम्म्या पेशींचं केंद्रक दिव्यासारखं पेटलंय. म्हणजे कंट्रोलच गेला, आणि कंट्रोल गेला की उरलेल्या स्लाइडकडे बघण्यात अर्थ नाही.

मी सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. एमएस्सीच्या मुलांकडून हा प्रयोग दरवर्षी करून घेते, आणि हे दुखणं आमच्याकडे लागोपाठ तीन उन्हाळे आलं. पहिल्या वर्षी आम्ही स्ट्रेनला दोष दिला, दुसऱ्या वर्षी प्लाझ्मिडला, म्हणजे रिपोर्टर वाहून नेणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्याला. तिसऱ्या वर्षी खरं कारण सापडलं, आणि तेही आम्हाला नाही, आमच्या लॅब असिस्टंटना. त्यांना सगळं कॉलेज भाऊ म्हणतं.

आधी एक्सपीओ१ हे जनुक काय करतं ते थोडक्यात

यीस्टच्या केंद्रकाला आवरण आहे आणि त्यात रंध्रं आहेत. लहान प्रथिनं त्यातून आपोआप झिरपतात. साधारण ४० किलोडाल्टनच्या (हे प्रथिनाच्या वजनाचं माप) वर गेलात की वाहक लागतो. बाहेर जाणाऱ्या प्रथिनावर ल्युसिनने भरलेला एक छोटा पट्टा असतो, तोच त्याचा गेटपास. हा पट्टा ओळखणारा वाहक म्हणजे सीआरएम१. बेकरी यीस्टमध्ये त्याच जनुकाला एक्सपीओ१ असंही म्हणतात. दोन नावं बघून मुलं दोन वेगळी जनुकं समजतात. जनुक एकच आहे. वाहक केंद्रकात माल उचलतो तेव्हा सोबत रॅन हे छोटं प्रथिन जीटीपी हा ऊर्जा देणारा रेणू घेऊन बसलेलं असावं लागतं. यीस्टमध्ये या रॅनचं नाव जीएसपी१. बाहेर आल्यावर जीटीपी तुटतं, माल सुटतो, वाहक रिकामा परत जातो.

नावाची गोष्ट गमतीची आहे. १९८९ मध्ये क्योटोला आदाची आणि यानागिदा यांना विखंडन यीस्टमध्ये (मधोमध दुभंगून वाढणाऱ्या दुसऱ्या जातीच्या यीस्टमध्ये) काही म्युटंट, म्हणजे जनुकात बिघाड असलेले स्ट्रेन, सापडले. त्यांच्या केंद्रकातल्या गुणसूत्रांचा आकार बिघडलेला होता, म्हणून जनुकाचं नाव पडलं ते गुणसूत्रांचा भाग राखणारं अशा अर्थाचं. निर्यातीचा तेव्हा कोणाला पत्ताच नव्हता. १९९४ मध्ये कळलं की लेप्टोमायसिन बी हे बुरशीनाशक याच प्रथिनावर बसतं, आणि १९९७ मध्ये तीन-चार प्रयोगशाळांनी जवळपास एकाच वेळी दाखवलं की हा केंद्रकातून बाहेर नेणारा वाहक आहे. बेकरी यीस्टमधलं ते काम स्टाडे, फोर्ड, गथ्री आणि वाइस यांचं, आणि आपला एक्सपीओ१-१ हा स्ट्रेन त्यातलाच. म्हणजे आठ वर्षं हे जनुक चुकीच्या खात्यात नोंदलेलं होतं. आणखी एक गंमत म्हणजे क्योटोचे ते पहिले म्युटंट थंडीला बिचकणारे होते, आपला उष्णतेला बिचकतो. कोकणात थंडीला बिचकणारा म्युटंट सांभाळणं सोपं गेलं असतं. उन्हाळ्यात त्याला थंडी शोधूनही सापडली नसती!

रिपोर्टर आपण वापरतो तो असा: आत जाण्याचा पट्टा, बाहेर जाण्याचा पट्टा आणि पुढे एकामागून एक दोन जीएफपी. दोन का, असं तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. एक जीएफपी २७ किलोडाल्टनचा, तो रंध्रातून झिरपेल. दोन जोडले की झिरपणं जवळपास थांबतं आणि जे दिसतं ते वाहकांचं काम असतं. हे प्रथिन सतत आत-बाहेर करत असतं. निर्यात थांबली की फक्त आत येणं उरतं, आणि केंद्रक पेटतं.

पहिला उन्हाळा: स्ट्रेनवर संशय

२५ ला केंद्रक चमकलं की पहिला विचार येतो की स्ट्रेन बिघडला. आम्ही नवा कल्चर मागवला, पंधरा दिवस गेले, तोवर पाऊस लागला. नव्या कल्चरनेही तेच दाखवलं. त्यात विचार कमी आणि घाई जास्त होती, कारण स्ट्रेन बिघडला तर तो कुठल्या दिशेने बिघडेल हे आम्ही स्वतःला विचारलंच नाही. तापमान-संवेदनशील स्ट्रेनमध्ये बिघाड सहसा उलटा होतो: एखाद्या पेशीत दुसरं उत्परिवर्तन येतं, ती ३७ ला वाढायला लागते आणि प्लेटवर हळूहळू तिचंच राज्य होतं. अशा स्ट्रेनचं केंद्रक ३७ ला चमकत नाही. आपली तक्रार बरोब्बर उलट आहे. तक्रार २५ ची असेल तर स्ट्रेनची पेटी बंद ठेवा.

तरी स्ट्रेन तपासायचाच असेल तर एका सकाळचं काम आहे. कल्चर दहा-दहा पटीने पातळ करत न्या, प्रत्येकाचा एकेक थेंब दोन प्लेटवर ठेवा, एक २५ ला आणि एक ३७ ला. ३७ ची प्लेट कोरी राहायला हवी.

पावसाळ्यात इथे एक फसवणूक होते ती सांगून ठेवते. ३७ च्या प्लेटवर दोन-चार गुबगुबीत वसाहती आल्या की मुलं वहीत लिहून मोकळी होतात की स्ट्रेन उलटला. पण आपल्याकडे हवेत, फणसाच्या गऱ्यांवर, माडीच्या मडक्यात रानटी यीस्ट भरपूर. पहाटे उतरवलेली नीरा दुपारपर्यंत माडी होते ती कोणी विरजण घातल्याशिवाय. तेच पाहुणे प्लेटवर येतात आणि ३७ ला मजेत वाढतात. ओळखायचं कसं? प्रयोगशाळेतल्या स्ट्रेनला ल्युसिन, हिस्टिडिन, ट्रिप्टोफॅन असं काही ना काही बाहेरून लागतं. त्याच्याविना केलेल्या प्लेटवर ती वसाहत उचलून लावा. वाढली तर ती तुमची नव्हेच. मात्र प्लाझ्मिडवर जो मार्कर आहे, म्हणजे यातली जी उणीव प्लाझ्मिडच भरून काढतो, ती सोडून दुसरीने तपासा, नाहीतर स्वतःच्याच स्ट्रेनला पाहुणा ठरवाल.

दुसरा उन्हाळा: प्लाझ्मिडवर संशय

हा थोडक्यात आटपते, कारण यात शिकण्यासारखं एकच आहे. आम्ही पुन्हा ट्रान्सफॉर्मेशन केलं, म्हणजे प्लाझ्मिड नव्याने पेशींत घातला, पुन्हा तेच आलं. वैतागून एका मुलीने रानटी प्रकाराचा स्ट्रेन, म्हणजे ज्यात एक्सपीओ१ धडधाकट आहे तो, त्याच रिपोर्टरसह शेजारी ठेवला. त्यात २५ लाही उजेड पेशीभर होता आणि ३७ लाही. बस, प्लाझ्मिड निर्दोष सुटला. हा कंट्रोल पहिल्या दिवसापासून हवा होता. आम्ही तो फॉर्म भरण्यासारखा एकदाच करून सोडून दिला होता.

तेव्हापासून आमचा नियम चार स्लाइडचा: धडधाकट २५ आणि ३७, म्युटंट २५ आणि ३७. शक्य असेल तर पाचवीही, बाहेर जाण्याचा पट्टा मोडलेला रिपोर्टर. तो नेहमी केंद्रकात दिसतो आणि "चमकणारं केंद्रक" नेमकं कसं दिसतं हे नवख्या डोळ्यांना शिकवतो.

या चारांवरून निदान असं करा. धडधाकट स्ट्रेनही २५ ला चमकत असेल तर एक्सपीओ१ ला विसरा. पेशी उपाशी आहेत, मेल्यात किंवा रिपोर्टर चुकलाय. धडधाकट नीट आणि फक्त म्युटंट २५ ला चमकत असेल, तर तुमचं २५ हे २५ नाही. म्युटंट ३७ लाही चमकत नसेल तर स्ट्रेन उलटलाय, नाहीतर फ्लास्क अजून ३७ ला पोचलाच नाही. मोठा फ्लास्क हवेच्या इनक्युबेटरमध्ये ठेवून दहा मिनिटांत ३७ ची अपेक्षा करू नका. हवा पाण्याला फार सावकाश तापवते. थोडं कल्चर वॉटर बाथमध्ये हलवा, किंवा आधी ३७ ला ठेवलेलं माध्यम बरोबरीने ओता.

तिसरा उन्हाळा: भाऊ

आमच्या बीओडीच्या, म्हणजे तापवणाऱ्या आणि गारही करणाऱ्या इनक्युबेटरच्या, काचेवर २५.० असा आकडा लाल अक्षरांत कायम असतो. तो बघून आम्ही तिन्ही वर्षं निश्चिंत होतो. एका दुपारी भाऊंनी आत हात घातला आणि म्हणाले, "मॅडम, फ्लास्क गरम लागता." मी आकड्याकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, "आकडो ऱ्हवांदे. हात घाला."

हात घातला. खरंच कोमट.

मग एका फ्लास्कमध्ये साधं पाणी भरलं, त्यात थर्मामीटर सोडला आणि कल्चरच्या शेजारी शेकरवर रात्रभर फिरवला. सकाळी पारा २९ च्या वर होता. काचेवर २५.०.

कारण साधं होतं. बीओडीचा सेन्सर मागच्या बाजूला, थंड हवेच्या झोताजवळ. आम्ही जागा वाचवायला छोटा शेकर बीओडीच्या पोटातच ठेवला होता आणि त्याची मोटर रात्रंदिवस खालून फ्लास्क शेकत होती. सेन्सरला थंडी, फ्लास्कला ऊब. जानेवारीत खोलीच गार असते, तेव्हा कॉम्प्रेसर ही जादाची ऊब पेलून नेतो. मे महिन्यात किनाऱ्यावर दुपारी पारा ३३-३४ ला आणि रात्रीही २५ च्या खाली फारसा उतरत नाही. तेव्हा पेलत नाही. ज्यांच्याकडे बीओडी नाही, साधा इनक्युबेटर आहे, त्यांचं तर बोलायलाच नको. साधा इनक्युबेटर फक्त तापवतो. त्याला २५ वर लावलं आणि खोली ३२ ला असली तर तो गप्प बसतो, आणि पेटीत ३२ होतं. हे उघड आहे, पण "२५ ला लावून ठेवलाय मॅडम" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की लिहून टाकलेलं बरं.

म्युटंटच्या बाजूने बघा. २५ आणि ३७ यांच्यात भिंत नाही, उतार आहे. २५ ला ते प्रथिन काम चालवण्यापुरतं उभं असतं, ३७ ला कोसळतं, मधल्या तापमानाला लंगडतं. लंगडणाऱ्या वाहकाची निर्यात आयातीपेक्षा मागे पडते आणि रिपोर्टर आत साठायला लागतो. पेशी मरत नाहीत, वाढतातही, म्हणून संशय येत नाही. "वाढतंय म्हणजे तापमान बरोबर" हा अंदाज आम्हाला तीन वर्षं महागात पडला.

दुसरा भाग विजेचा. मेच्या शेवटी वळवाचा पाऊस सुरू झाला की रोज संध्याकाळी लाईट जाते. भाऊंच्या शब्दांत, "लाईट गेली काय ती बंद पडता. इली तरी पाच-सात मिनटां गप ऱ्हवता." हा स्टॅबिलायझरचा विलंब, कॉम्प्रेसर जळू नये म्हणून तो मुद्दाम ठेवलेला असतो. एकदा गेली तर फरक पडत नाही. पण दर पंधरा मिनिटांनी ये-जा चालू असेल तर कॉम्प्रेसरला धड पळायलाच मिळत नाही, आणि आमचा शेकर इन्व्हर्टरवर असल्यामुळे तो मात्र इमाने इतबारे गरम होत राहायचा. म्हणजे थंडावा बंद आणि शेगडी चालू. ही करामत आमचीच, कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही.

आता काय करतो: शेकर बीओडीच्या बाहेर काढला. आत फक्त फ्लास्क, तेही थोडं कल्चर पसरट फ्लास्कमध्ये घेऊन, तास-दीड तासाने हाताने हलवून. वाढ जरा सावकाश होते, होऊ दे. ज्यांना शेकर हवाच आहे त्यांनी मोटर पेटीबाहेर असलेला घ्यावा, किंवा थर्माकोलच्या पेटीत पाणी भरून त्यात फ्लास्क ठेवावेत. दहा-बारा लिटर पाणी २५ ला आणून ठेवलं की लाईट तासभर गेली तरी ते सहजासहजी हलत नाही. हवा मात्र लगेच हलते. आमची पेटी मासळी बाजारातून आणलेली आहे. तीनदा साबणाने आणि एकदा ब्लीचने धुतली, तरी उन्हात ठेवली की बांगडा आठवतो.

पुण्याच्या एका मित्राने सुचवलं होतं की फ्लास्कभोवती ओलं फडकं गुंडाळ, माठासारखं गार राहील. त्याच्याकडे राहतं, कारण पुण्यातली मेची हवा कोरडी. आपल्याकडे हवाच पाण्याने भरलेली. फडक्यातलं पाणी उडायला जागाच नाही, मग थंडावा येणार कुठून? माठातलं पाणीसुद्धा आपल्याकडे देशावरच्यासारखं गार होत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत असतं आणि प्रयोगशाळेत शिरलं की विसरतो.

पाण्याचा तो फ्लास्क आता कायमचा आत असतो, थर्मामीटरसह. वहीत तापमान लिहायचं ते त्याच्यावरून. काचेवरच्या आकड्याखाली भाऊंनी चिठ्ठी चिकटवली आहे: "हो खोटा बोलता."

पेटीपासून भिंगापर्यंत

तापमान सुधारलं आणि तक्रार निम्म्याने कमी झाली. पण निम्म्यानेच. उरलेली निम्मी वाटेत होती.

आमच्याकडे फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप नाही. दुसऱ्या संस्थेत जावं लागतं, गाडीने तास-दीड तास. मुलं काय करायची, तर सकाळी पेशी सेंट्रिफ्यूज करून, गोळा छोट्या नळीत घेऊन, पिशवीत टाकून निघायची. मे महिन्यात एसटीच्या खिडकीशी बसलेल्या पिशवीत किती तापमान होतं ते सांगायला नको. शिवाय त्या गोळ्यात लाखो पेशी दाटीवाटीने, वर साखर नाही, हवा नाही. उपाशी यीस्टमध्ये पेशीद्रवाची आम्लता वाढते आणि आम्लात जीएफपी मंद होतं. वाहतुकीला लागणारं जीटीपी शेवटी पेशीच्या इंधनावरच चालतं. इंधन संपलं की कोणता रंग कुठे दिसेल याचा भरवसा नाही. इंधन तोडणारी द्रव्यं, म्हणजे अझाइड आणि डिऑक्सिग्लुकोज, घातली की केंद्रकात गोळा झालेलं छोटं प्रथिन हळूहळू पेशीभर पसरतं. हे प्रयोगात मुद्दाम करतात. आमची मुलं ते फुकट करत होती.

एकाने यावर उपाय म्हणून नळ्या बर्फात नेल्या. तेही नको. बर्फात आयात-निर्यात दोन्ही मंदावतात, आणि दोन तासांनी जे चित्र दिसतं ते २५ चंही नव्हे आणि ३७ चंही नव्हे, ते बर्फाचं असतं.

दोन मार्ग चालतात. एक, जिवंत नेणं: गोळा नको, माध्यमातलं पातळ कल्चर, फ्लास्कच्या पाचव्या हिश्श्याइतकंच भरलेलं, त्याच मासळीच्या पेटीत २५ च्या पाण्याच्या बाटल्यांसह. पिकायला, म्हणजे चमकण्याजोगं व्हायला, जीएफपीला ऑक्सिजन लागतो, म्हणून वर हवा हवी. झाकण सैल ठेवा. घट्ट बंद केलेल्या माडीच्या बाटलीचं काय होतं ते कोणत्याही कोकणी माणसाला विचारा. आणि ३७ चा प्रयोग तिथे पोचल्यावर, मायक्रोस्कोपशेजारी करा.

दुसरा मार्ग म्हणजे इथेच फॉर्मल्डिहाइडने पेशी थिजवून नेणं. ३.७ टक्के, थोडाच वेळ, मग बफरने नीट धुऊन. जास्त वेळ ठेवलंत तर जीएफपी फिकं पडतं आणि पेशी स्वतःच चमकायला लागते. मिथेनॉल मात्र वापरू नका, त्याने जीएफपीचा उजेडच जातो. आणि एक गोष्ट इथे महत्त्वाची: फॉर्मल्डिहाइड त्याच तापमानाला घाला. ३७ चा फ्लास्क बाहेर काढून टेबलावर ठेवला, बाटली शोधली, नाकाला रुमाल बांधला आणि मग ओतलं, तर तेवढ्यात तापमान हललेलं असतं. २५ च्या बाबतीत उलटी बाजू: टेबल ३३ ला आहे. बाटली आधी हाताशी घ्या.

स्लाइडवर पोचल्यावरही सुटका नाही. जुन्या मर्क्युरी दिव्याखाली एकच जागा बघत राहिलात तर ती तापते आणि रंगही उडतो. पटकन फोटो घ्या, सरका, परत घ्या. खोलीत एसी असेल तर आधी त्याचं तापमान बघा. "एसी आहे" म्हणजे २५ असं नव्हे, तिथे कोणी १८ ला लावून बसलेलं असतं.

केंद्रक की व्हॅक्युओल?

हे वर सांगायला हवं होतं. २५ ला "केंद्रक चमकतंय" म्हणून जे फोटो मुलं पाठवतात त्यातल्या काहींत केंद्रक चमकतच नसतं.

यीस्टच्या पेशीत सर्वांत मोठी गोल वस्तू केंद्रक नसून व्हॅक्युओल, म्हणजे पेशीतली साठवणीची पिशवी, असते. पेशीभर जीएफपी पसरलं की व्हॅक्युओल काळ्या भोकासारखं दिसतं, आणि नवखा माणूस म्हणतो "केंद्रक रिकामं, निर्यात उत्तम". उलट, जुन्या कल्चरमध्ये व्हॅक्युओलच चमकतं आणि तोच म्हणतो "केंद्रक भरलं". निळा डीएनए-रंग लावल्याशिवाय निकाल देऊ नका. निळा आणि हिरवा एकावर एक आले तरच केंद्रक.

बऱ्याच प्रयोगशाळांतल्या स्ट्रेनमध्ये एडीई२ हे जनुक मोडलेलं असतं. त्यांना ॲडेनिन कमी पडलं की पेशींत लालसर रंग साठतो आणि तो स्वतःच चमकतो. कल्चर गुलाबी दिसायला लागलं की समजा. माध्यमात ॲडेनिन जादा घाला, प्रश्न मिटतो. आणि जी पेशी सगळीकडून सारखी, डोळे दिपतील इतकी पेटली आहे ती मेलेली आहे. ती मोजू नका. कल्चर कोवळं घ्या. दाट, रात्रभर विसरलेल्या कल्चरमध्ये या तिन्ही तक्रारी एकदम भेटतात.

लेप्टोमायसिनने काहीच होत नाही

हा प्रश्नही दरवर्षी येतो. तापमानाचा त्रास टाळायला कोणीतरी लेप्टोमायसिन बी मागवतं. महागडी कुपी येते, बेकरी यीस्टवर घालतात, रिपोर्टर ढिम्म हलत नाही. मग कुपी खराब, वाटेत गरम झाली, असं सुरू होतं.

कुपी खराब असेलही. ती थंडीत आणि अंधारात ठेवायची वस्तू आहे, आणि आपल्याकडे लाईट कशी जाते ते वर आलंच. पण बहुतेक वेळा कारण वेगळं असतं. लेप्टोमायसिन सीआरएम१ मधल्या एका सिस्टीनला (प्रथिनाच्या साखळीतल्या एका अमिनो आम्लाला) कायमचं चिकटतं. माणसात ते सिस्टीन ५२८ व्या जागी, विखंडन यीस्टमध्ये ५२९ व्या. बेकरी यीस्टमध्ये त्या जागी, ५३९ व्या, थ्रिओनिन हे दुसरंच अमिनो आम्ल आहे. चिकटायला जागाच नाही! म्हणून नेव्हिल आणि रॉसबॅश यांनी १९९९ मध्ये त्या थ्रिओनिनचं सिस्टीन केलं, आणि तो स्ट्रेन लेप्टोमायसिनला लगेच ऐकायला लागला. तुमच्याकडे तो बदललेला स्ट्रेन नसेल तर कुपी उघडू नका. असेल तर मात्र उन्हाळ्यात काम करायला हाच मार्ग सोपा. ३० ला वाढवा, औषध घाला, बघा. शेजारी नुसत्या अल्कोहोलचा कंट्रोल ठेवा, कारण औषध त्यातच विरघळवलेलं असतं.

याच जागेवर बसणारं सेलिनेक्सर हे औषध अमेरिकेत २०१९ मध्ये मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी मान्य झालं. मुलांना हे सांगितलं की त्यांचा यीस्टकडे बघण्याचा चेहरा बदलतो, म्हणून मी ते पहिल्याच तासाला सांगते.

एक शेवटची चूक, कारण ती आमच्याच प्रोजेक्टमध्ये झाली. एका मुलाने रिपोर्टर म्हणून पीएचओ४ हे प्रथिन जीएफपी लावून घेतलं आणि एक्सपीओ१-१ मध्ये ३७ ला काही वेगळं दिसत नाही म्हणून हैराण झाला. केंद्रकातून बाहेर जायला सीआरएम१ हा एकटाच वाहक नाही. फॉस्फेट लागलेलं पीएचओ४ बाहेर नेतो तो एमएसएन५. टीआरएनएसाठी एलओएस१ आहे, आयात करून रिकाम्या झालेल्या एसआरपी१ ला परत नेणारा सीएसई१ आहे. वायएपी१ हे प्रथिन मात्र आपल्याच सीआरएम१ चं गिऱ्हाईक. पण त्याला हायड्रोजन पेरॉक्साइड दाखवलं की त्याचा गेटपास घडीत लपतो आणि ते धडधाकट पेशीतही केंद्रकात साठतं. तेव्हा रिपोर्टर बदलणार असाल तर तो कोणत्या दाराने जातो ते आधी बघा, आणि मग पाण्याचा फ्लास्क आत ठेवा.